पुतळीबाईंच्या नऊ कॅसेटींची व्यवस्था

मी, गोविंद हिराजी मोकल, वय वर्षे बहात्तर, पूर्वी शाळेत संगीताचा शिक्षक व आता पेन्शनर, राहणार रामवाडी, पेण, जिल्हा रायगड, कोणाच्या धाकाखाली नसताना आणि बुद्धी ठिकाणावर असताना माझ्या मागची व्यवस्था या कागदावर लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. प्रविण घरत यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. हृदयाचे तसे सांगता येत नाही, असेही त्यांनीच त्याच दाखल्यात लिहिले आहे. दिवाळी बघाल असे म्हणायचे त्यांनी टाळले.

ओळखीच्या खुणा: डाव्या हाताला करंगळी व अनामिका नाहीत. उजव्या तळव्यावर भाजल्याचा जुना व्रण. दोन्हींचा खुलासा पुढे येईल.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. पहिले माझ्या बायकोने फाडले, दुसरे मी फाडले. तरीही कोणाकडे झेरॉक्स असल्यास ती रद्द समजावी.

माझे वकील ॲड. आदेश ठाकूर मसुदा वाचून म्हणाले, "सर, मृत्युपत्रात भांडणं लिहीत नाहीत." मी म्हणालो, भांडणे काढली तर माझ्याकडे वाटण्यासारखे घर आणि एक पेटी उरते. सबब मजकूर माझा, कायदा त्यांचा.

कलम १. वारस. माझी पत्नी रोहिणी, माहेर रोहे, सन २०१६ मध्ये वारली. आम्हाला एक मुलगी, मनाली, सध्या मुक्काम पनवेल. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. तिने हे काम माझ्याशी दोन तास भांडून पत्करले आहे, म्हणजे ती ते नीट करील. रोहिणीखेरीज मला आणखी एक पत्नी होती की नव्हती, हा या कागदाचा खरा विषय आहे. तो शेवटच्या कलमात मिटवला आहे.

कलम २. घर. वरचा मजला, गच्ची आणि बँकेत जे काही असेल ते मनालीला. तळमजल्यावर भाडेकरू नमिताचा गणपतीचा कारखाना आहे, तो तिला हवा तोवर तिथेच राहील. तिच्या कॉम्प्रेसरच्या आवाजाबद्दल मी तिला सात पत्रे लिहिली. त्यातल्या दोहोंत मूर्ती फोडून टाकीन अशी धमकी आहे. एकदा तर काठी घेऊन खाली उतरलोही. नमिताने हातातला ब्रश खाली न ठेवता सांगितले, "सर, फोडायच्या तर त्या कोपऱ्यातल्या फोडा, त्यांचे डोळे आखायचे बाकी हायत. आखलेल्यांना हात लावू नका." मी काठी घेऊन परत वर आलो. सातही पत्रे मी मागे घेतो.

कलम ३. पेटी व एक जुना राग. पेटी शाळेला द्यावी. भाता ओढायला डाव्या हाताची तीन बोटे पुरतात, हे मी सदतीस वर्षे सिद्ध केले आहे.

मुंबईच्या एका समीक्षकांनी १९९४ साली रोह्याच्या चर्चासत्रात माझ्या स्वरलेखनाला "खाडीतला चिखल" म्हटले. मी त्यांना कॉलर धरून व्यासपीठावरून खाली ओढले. त्यांचे गळ्याजवळचे हाड मोडले. त्यानंतर मी त्यांना चौदा पानांचे उत्तर लिहिले, पण पोस्टात टाकले नाही. ते त्यांना पाठवावे. शिव्या आहेत तशा ठेवाव्यात, संदर्भ मात्र एकदा तपासून घ्यावेत. पान नऊवरच्या एका तारखेबद्दल मला शंका आहे.

कलम ४. पत्रव्यवहार. एकोणीस फायली. प्रकाशक, संपादक, सहकारी, विद्यापीठवाले, सगळे त्यात आहेत. मी लिहिलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत मी ठेवत आलो. लोकांना ती माझी शिस्त वाटते. शिस्त कसली, उद्या समोरचा उलटला तर त्याच्या तोंडावर फेकायला कागद हवा म्हणून ठेवत आलो. चौथ्या फायलीतली एक कार्बन प्रत मात्र माझ्याच तोंडावर फेकण्यासारखी आहे, आणि या कलमात मी ते काम स्वतः करतो.

ज्यांना आमचा खारेपाट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्या खाडीकडच्या गावांत लग्न लागते ते धवलारणीच्या गाण्यावर. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे तिच्या तोंडी असते, त्याला धवला म्हणतात. पुतळीबाई ही मला भेटलेली सर्वांत मोठी धवलारीण. तिच्या गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिचा आणि त्या गावाचा एक नियम होता. धवला पुरा झाला की लग्न झाले, मग भटजी असो नसो. एका मुलीवर धवला एकदाच. आणि लग्न नसताना तो गायचा नाही, कितीही मोठा साहेब मशीन घेऊन आला तरी.

मशीन घेऊन जाणारे आम्ही दोघे होतो. मी आणि रोह्याचे प्रा. सुजय टिपणीस. दोन लग्नांत आम्ही ध्वनिमुद्रण करायचा प्रयत्न केला. एकात बँडने सगळे गिळले. दुसऱ्यात पिऊन आलेल्या वऱ्हाडींची मारामारी झाली आणि आमचा माइक एकाच्या डोक्यात फुटला. पुतळीबाई थकत चालली होती. ९ एप्रिल १९८७ ला सुजयने मला लिहिले, "बाईंना खरे सांगू. म्हणायचे तर म्हणतील, नाहीतर नाही. जगात सगळेच मुद्रित व्हायला हवे असे नाही." त्याला मी १४ एप्रिलला जे उत्तर दिले ते शब्दशः असे आहे:

"तुझी तत्त्वे तुझ्यापाशी ठेव. आपल्याला हवे तसे शांत लग्न कोणी लावणार नाही, सबब मीच लावून घेतो. पुतळीबाईंच्या भावाची मैना आहे. मी मागणी घालतो. बँड नको, स्पीकर नको, एवढीच नवऱ्याकडची अट. तू मशीन सांभाळ. पुढचे पुढे बघू."

मी त्याच जातीचा, सरकारी पगाराचा, आणि हुंडा मागत नव्हतो. मैनाचा बाप कान्हा पाटील मिठागरात काम करायचा. तो सगळ्या गावाला सांगत सुटला, "हुंडा नाय, बँड नाय, असा जावई दिवा लावून शोधला तरी गावनार नाय." वैशाखात दोन दिवस लग्न चालले. मैना एकोणीस वर्षांची होती, मी चौतीस. सुजय माजघरात मशीनपाशी बसून होता आणि दोन दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुतळीबाई गायली. ती काय गायली ते मी चाळीस वर्षे पानामागून पाने लिहून सांगायचा प्रयत्न केला आणि मला ते सांगता आले नाही. एके ठिकाणी ती थांबते, पाणी पिते, भाचीला म्हणते, "रडतेस कनाला गो, तुजंच लगीन हाय," आणि सोडलेला स्वर जिथल्या तिथे परत उचलते. नऊ कॅसेटी भरल्या.

शाळेची क्वार्टर मिळाली की न्यायला येतो, असे सांगून मी पेणला परतलो. नंतर तीन पोस्टकार्डे टाकली. तिन्हींत क्वार्टर मिळायची होती. ती पोस्टकार्डे मैनाकडे आहेत.

मला धवल्याचा नियम माहीत नव्हता, असे मी पुढे अनेक ठिकाणी लिहिले आहे. माझ्या आईबापांचे लग्न धवल्यावरच लागले होते. मला माहीत होता.

कलम ५. पुण्याचे प्रकाशक. यांचे नाव आमच्या वकिलांच्या सल्ल्याने गाळले आहे, कारण या प्रकाशकांच्या कचेरीतली दोन काचेची कपाटे मी पेपरवेट मारून फोडली आहेत, आणि ती बाब त्यांच्या वकिलांच्या अजून लक्षात आहे. त्यांच्या त्रैमासिकासाठी मी धवल्यावर लेख दिला. मुद्रणापूर्वी त्यांचे पत्र आले: "सदर विवाह प्रत्यक्ष होता काय, याचा खुलासा तळटीपेत करावा. वाचकांचा गोंधळ होऊ नये." मी खुलासा केला. "ध्वनिमुद्रणासाठी योजलेला प्रतीकात्मक विवाह." एवढीच तळटीप. वाचकांचा गोंधळ झाला नाही.

गावातला एक मुलगा पेणच्या कॉलेजात शिकत होता. त्याने ते पान गावी नेऊन देवळात मोठ्याने वाचले, प्रतीकात्मक म्हणजे काय तेही समजावून सांगितले. गावाने कान्हाला देवळाच्या पायऱ्यांवरच मारले, कारण खोट्या लग्नाचे जेवण त्याने गावाला घातले होते. मारणाऱ्यांत त्याचे सख्खे चुलतभाऊ होते. पुतळीबाई घरी गेली, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि स्वतःच्या तोंडावर मारला. तीन वेळा. पुढचे सगळे दात गेले. पुन्हा कोणी गायला बोलावू नये, आणि बोलावले तरी शब्द नीट फुटू नयेत, म्हणून. त्यानंतर ती दोन वर्षे जगली. तिच्या मागे तिचा धवला म्हणणारे कोणी नाही.

मार्च १९८८, पेणचा एसटी स्टँड. मी रोह्याच्या गाडीची वाट बघत होतो. मैनाचा भाऊ जनू, तेव्हा बावीस वर्षांचा, समोर येऊन उभा राहिला. हातात गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी होते. अजूनही मला दाजी म्हणत होता.

"दाजी, त्या पुस्तकात लिवलंय त्ये तुमीच लिवलंय?"

मी म्हणालो, "पुस्तक नव्हे. त्रैमासिक."

हे माझे शब्द आहेत. सदतीस वर्षे झाली, मला ते आठवून दातओठ खावेसे वाटतात. जनूने गोणपाट सोडले, कोयता वर गेला, मी डोके वाचवायला डावा हात पुढे केला. करंगळी उडाली आणि रोह्याला निघालेल्या गाडीच्या चाकाखाली गेली. अनामिका कातडीला लोंबत राहिली, ती दवाखान्यात काढली. दुसरा घाव खांद्यात बसला. तिसऱ्याच्या आत कंडक्टरांनी त्याला धरले आणि त्याला एवढे मारले की त्याचा एक कान कायमचा गेला.

कोर्टात मी शपथेवर सांगितले की मुलीकडच्यांना सगळे आधीपासून ठाऊक होते, ते ठरवून केलेले नाटक होते, आणि जनू मानधनावरून भांडायला आला होता. जनूला चार वर्षे झाली. ती शपथ खोटी होती. मुलीकडच्यांना काहीही ठाऊक नव्हते. हे वाक्य या मृत्युपत्रात घालायची अट जनूची आहे, ती त्याने का घातली हे पुढे येईल. पण अट नसती तरी मी हे लिहिले असते, असे म्हणण्याइतका मी अजून बरा माणूस झालेलो नाही.

कलम ६. सुजय. आमच्यातले भांडण श्रेयावरून होते अशी समजूत आहे. संगीताच्या मंडळींत ती मीच पसरवली. खरे असे की १९९६ साली त्याने धवल्यावर पुस्तक लिहायला घेतले आणि मला कळवले, "प्रस्तावनेत खरे लिहिणार आहे. तुझे १४ एप्रिलचे पत्र छापतो. त्यात माझीही शोभा नाही, मी गप्प राहून मशीन चालवले, तेही लिहीन."

पत्र मिळाले त्याच सकाळी मी गाडी पकडून रोह्याला गेलो. तो अंघोळ करून पंच्यावर बसला होता. मी पत्र मागितले. तो नाही म्हणाला. टेबलावर त्याला मिळालेले पितळी सन्मानचिन्ह होते, तेच उचलून मी त्याच्या तोंडावर मारले. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट आला. तो खाली पडल्यावर मी त्याची कपाटे उचकली, माझे मूळ पत्र शोधून फाडले आणि त्याच्याकडच्या नऊ कॅसेटींच्या प्रती पायाखाली घेऊन चुरा केल्या. त्याची मुलगी मृणाली दारात उभी राहून बघत होती. ती बारा वर्षांची होती.

सुजयने जिन्यावरून पडलो असे दवाखान्यात सांगितले. सहा आठवडे त्याचा जबडा तारांनी बांधलेला होता. पुस्तक त्याने मागे घेतले. नंतर त्याचे एकच पत्र आले, फाइल क्रमांक अकरा: "हाड जुळले. आता बोलता येते. पण तुझ्याबद्दल बोलावेसे वाटत नाही." तो २०२० मध्ये वारला, आणि मी त्याला भेटलो नाही. रोह्याला जायला एक तासही लागत नाही.

सबब: एकोणीसही फायली, १४ एप्रिलच्या कार्बन प्रतीसह, आणि धवल्याच्या माझ्या हस्तलिखित वह्या मृणाली टिपणीस हिला द्याव्यात. छापण्याचा, न छापण्याचा, हवे तर जाळण्याचा पूर्ण हक्क तिचा. छापल्यास काही गाळू नये. पुण्याच्या प्रकाशकांनी मनालीकडे कितीही गोड पत्रे लिहिली तरी तिने त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

कलम ७. रोहिणी. लग्नाआधी मी तिला यातले काही सांगितले नव्हते. बोटे कारखान्यात गेली असे सांगितले होते. २००३ साली तिला चौथी फाइल सापडली. तिने स्वयंपाकघरात उभे राहून १४ एप्रिलचे ते पत्र मला मोठ्याने वाचून दाखवले आणि पेटत्या शेगडीवर धरले. मी झडप घातली. तिने माझे मनगट धरले आणि तळवा ज्वाळेवर दाबून ठेवला. बाई अंगाने लहान होती, पण मला हात सोडवता आला नाही. कागदाचा एक कोपरा जळला, मजकूर वाचला. त्यानंतर तेरा वर्षे ती माझ्याशी जेवणापुरते बोलली. फक्त वैशाख आला की एकदा विचारायची, "गेलात का तिच्याकडे?" मी गेलो नव्हतो.

रोहिणीचे दागिने मनालीला. माझी रक्षा रोहिणीची जिथे सोडली तिथे सोडू नये. तिने तसे सांगून ठेवले आहे.

कलम ८. नऊ कॅसेटी. पुतळीबाईंचा संपूर्ण धवला जगात फक्त या नऊ कॅसेटींवर होता. सुजयकडच्या प्रती मोडल्यावर त्यांची प्रत मी कोणाला काढू दिली नाही. पुण्याच्या प्रकाशकांनी मागितली, एका संग्रहालयाने मागितली, दोन परदेशी विद्यापीठांनी मागितली. त्या सगळ्यांना मी काय काय लिहिले ते फायलींत आहे. या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी असे लिहिले होते की कॅसेटी संग्रहालयाला द्याव्यात, त्यावर पुतळीबाईंचे नाव घालावे, आणि मैना कान्हा पाटील हिला माझी पत्नी मानून घराचा अर्धा हिस्सा द्यावा. लिहिल्यावर मला फार बरे वाटले. कधी नव्हे ती रात्री गाढ झोप लागली. तो मसुदा घेऊन गेल्या महिन्यात मी एसटीने पेणजवळच्या जोहे गावी गेलो.

मैना तिथे मूर्तींच्या कारखान्यात कामाला जाते. वय सत्तावन्न. मूर्तीच्या पोटाला पॉलिश पेपर मारत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. मी मसुदा वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकून घेतला, हातातले काम न थांबवता.

"बायको लिवतोस? आता?"

"हो. हक्काने."

"आनि तू मेलास का?"

"मेल्यावर अर्धे घर तुझे."

"घराचं नाय इचारत. तू मेलास का माज्या हातांचं काय?"

मला कळले नाही. तिने पेपर खाली टाकला आणि दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले. भुरकट धुळीखाली हिरव्या बांगड्या होत्या.

"ह्या आत्याच्या धवल्यावर भरल्या. सदतीस वरसं फुटल्या का नव्या भरते, कारन लगीन खोटं निगालं तरी धवला पुरा झाला, गाव बोलतो तुजा नवरा जिता हाय. तू मेलास का आठ बाया येतील ह्या फोडायला. बायजाबाईचा नवरा मेला तवा तिची मनगटं पाट्यावर धरून दगडानी फोडल्या. काच आत शिरली. म्हयनाभर हात पिकला तिचा. पन तिनी संसार केलता रे. माना नवरा नाय, पोर नाय, चूल नाय. नुसता फोडून घ्यायला नवरा?"

मी म्हणालो, मी लिहून देतो, ते लग्न खोटे होते.

"लिवलंस की एकदा. त्या पुस्तकात." मग म्हणाली, "आत्या मरताना बोल्ली, जवर माजा आवाज त्याच्या डब्यात हाय तवर मैना बांधलेली. गाव त्येच धरून हाय. डबा मोड."

मी म्हणालो की तसेही लिहून ठेवतो, माझ्या मृत्यूनंतर मनालीने कॅसेटी नष्ट कराव्यात. मैना हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहिले.

"मेल्यावर मोडून काय? तू मेलास तवाच मी रांडाव. जितेपनी मोड. माज्यासमोर, गावासमोर."

"आणि माझ्या वह्या? धवला सगळा लिहून ठेवला आहे त्यांत."

"कागद गात नाय. कागद ठेव."

अकरा दिवस मी घराबाहेर पडलो नाही. आयुष्यभर मी ज्या एका वस्तूसाठी माणसे फोडली ती वस्तू पलंगाखाली पत्र्याच्या डब्यात होती. पनवेलला एक जण आहे, तो नऊ कॅसेटींची प्रत एका दिवसात काढून देतो, कोणाला कळलेही नसते. मी त्याला फोन केला. पत्ता विचारला, वेळ ठरवली. मग गेलो नाही. प्रत काढलेली नाही, हे मी शपथेवर लिहितो. माझ्या शपथेची किंमत कलम ५ मध्ये दिलीच आहे, तरी लिहितो.

बाराव्या दिवशी जनूला निरोप धाडला. तो आला, ऐकू येणारा कान माझ्याकडे करून बसला. साक्षीदार होशील का, विचारले.

"सही करीन. पन कोर्टात जे खोटं सांगलास त्ये यात लिव. मी वाचीन. आत असताना शिकलो वाचायला." मग म्हणाला, "आनि दुसरी टेप हाय का? खरं सांग."

"नाही."

जनू उठला. मग म्हणाला, "असली तर दुसरा हात बी हायच तुजा."

काल, सकाळी दहा वाजता, त्यांच्या गावी मैनाच्या अंगणात हे काम झाले. गावचे पाच जाणते, त्या आठ बायांपैकी सहा, जनू, मैना. कॅसेटी मी एकेक करून दगडावर ठेवल्या आणि हातोडीने फोडल्या. मैनाने आतली पट्टी दोरासारखी ओढून काढली आणि चुलीत घातली. काळा घाणेरडा धूर झाला. पाचव्या कॅसेटला माझा हात उठेना. मी जनूकडे हातोडी केली. त्याने घेतली नाही. "तुजं तू मोड," म्हणाला. मी मोडली. सातवीच्या वेळी मी रडत होतो, मोठ्याने, आणि कोणी मला गप्प करायला आले नाही. नऊ झाल्यावर मैनाने रिकामा डबा उलटा करून आपटला, आत काही राहिले नाही ना ते सगळ्यांना दाखवले.

सबब, नऊ कॅसेटी: वाटपासाठी शिल्लक काही नाही.

सबब, मैना कान्हा पाटील ही माझी पत्नी नाही व नव्हती. माझ्या मृत्यूचे सुतक, विटाळ वा कोणताही विधी तिला लागू नाही. त्यासाठी जो कोणी तिच्या अंगाला हात लावील त्याच्यावर मनालीने फौजदारी करावी, खर्च माझ्या इस्टेटीतून. अर्धे घर तिने नको म्हटले, म्हणून कलम २ आहे तसे राहील.

काम उरकल्यावर मैना मोरीवर गेली. साबण घेतला, मनगटांना लावला, आणि एकेक बांगडी स्वतःच्या हाताने उतरवली. दोन्ही हातांच्या मिळून बारा. एकही फुटली नाही. त्या सहा बाया बघत उभ्या होत्या. मग हात पुसत ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "आता कवा बी मर."

हा मजकूर मी मनालीकडून टाईप करून घेतला, स्वतः वाचला, प्रत्येक पानावर उजव्या हाताने सही केली. यात माझ्याविरुद्ध जे आहे ते खरे आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

लिहून ठेवणार: गोविंद हिराजी मोकल (सही)

साक्षीदार:
१. जनू कान्हा पाटील, वय ६०, मजुरी (सही). कलम ५ त्याने दोनदा वाचले.
२. डॉ. प्रविण घरत, वय ४८, पेण (सही)

कलम ८ ची प्रत समक्ष मिळाली: मैना कान्हा पाटील, वय ५७, अविवाहित. (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: रामवाडी, पेण
दिनांक: ९ मे २०२५